एकाच दिवशी दोन पुकारे

हिरव्या स्वेटरच्या पाठीवर नजर ठेवून मोठ्याबाई जिना चढत होत्या. कठडा धरून एक पायरी, मग दम, मग दुसरी. गुडघे पायरीगणिक कुरकुरत होते आणि मोठ्याबाई पायरीगणिक त्यांना शिव्या घालत होत्या. मनातल्या मनात, कारण समोरून काळ्या कोटातली माणसं कागदांचे गठ्ठे छातीशी धरून घाईघाईने उतरत होती, आणि परक्या माणसांसमोर आपल्या गुडघ्यांची अब्रू काढणं त्यांना पसंत नव्हतं.

स्वेटर त्यांनीच विणलेला. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली होती. उसवते म्हणाल्या, तर सून म्हणाली होती, "असू दे आई. थंडीत हात आत ओढून घेता येतो." तेव्हापासून प्रत्येक थंडीत ती हात आत ओढून घेत आली होती. आजही घेतला होता. उजव्या हातात पिशवी, डावा हात बाहीत.

दुसऱ्या मजल्यावर सून डावीकडे वळली. मोठ्याबाईही वळल्या. बाहेर कुठे जायचं तर सुनेच्या पाठीमागून चालायचं, ही सवय इतकी मुरलेली की पायांना विचारावं लागत नसे. पाट्या वाचणं हे सुनेचं काम. मोठ्याबाईंना स्वतःच्या सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. सकाळी दोघी एकाच दारातून निघाल्या, एकाच बसमध्ये चढल्या, सून पुढे बसली, मोठ्याबाई मागे. कोर्टाच्या फाटकात सून शिरली तशा याही शिरल्या. जिच्यावर दावा लावला तिच्याच पाठीमागून कोर्टात चाललो आहोत, यात काही वावगं आहे, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आत गेल्यावर मात्र चपापल्या. लांबलचक खोली, भिंतीला टेकून बाकं, आणि बाकांवर जोडप्याजोडप्याने माणसं. जोडपी म्हणजे दोन टोकांना दोघं आणि मधे मोकळी जागा. एका बाकाच्या टोकाला त्यांचा लेक बसला होता. सून जाऊन दुसऱ्या टोकाला बसली. खोलीत रिकामी अशी तेवढीच जागा दिसत होती, त्या दोघांच्या मधली. मोठ्याबाईंचे गुडघे उभं राहायला तयार नव्हते. त्या जाऊन मधे बसल्या, घरात जेवायला बसत तशा.

"आई, तू इथे कशी?" लेक दबक्या आवाजात म्हणाला.

"चालत."

"अगं, तुझं इथे नाही."

"मग कुठे आहे माझं?"

टेबलामागचा कारकून चष्म्यावरून बघत होता. "आजी, तुमचं प्रकरण काय?"

"घराचं."

"घराचं इथे नसतं. इथे फक्त नवरा-बायकोचं. समोरची इमारत बघा, दिवाणी."

मोठ्याबाईंनी खिडकीतून समोरची इमारत बघितली. या इमारतीसारखीच होती. तोच पिवळा रंग, त्याच खिडक्या. शेजारून, त्यांच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसा आवाज आला.

"तळमजल्यावर आहे ते. पायऱ्या नाहीत तिकडे."

दावा लागल्यापासून सून त्यांच्याशी अशीच बोलत असे, भिंतीला नाहीतर भांड्याला. 'पाणी तापलंय' हे ती पातेल्याला सांगायची. मोठ्याबाईही मागे नव्हत्या. 'मीठ जास्त झालंय' हे त्या ताटाला ऐकवायच्या.

सून उठून टेबलाशी गेली. "साहेब, माझा आजच समोरच्या इमारतीतही पुकारा आहे. आमचा नंबर कधी येईल?"

"जज्ज मॅडम आल्या की."

"मी मधे जाऊन आले तर?"

"जा ना. पण तेवढ्यात पुकारा झाला तर गैरहजर लागेल, मग मला बोलायचं नाही." कारकून वाईट नव्हता. दिवसभर तेच तेच सांगून त्याचा आवाज नुसता झिजला होता.

सून परत येऊन बसली. लांब बाहीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं. लेक आपल्या फोनमध्ये बघत राहिला. ऐकू त्यालाही आलं होतं. त्याचा कान लाल झालेला मोठ्याबाईंनी बघितला. लहानपणापासून त्याचं असंच होतं, खोटं तोंड करी पण कान सांगून टाकी.

या दोघांचं नेमकं कशावरून बिनसलं, हे कुणी विचारलं असतं तर मोठ्याबाईंना सांगता आलं नसतं. मोठ्याने भांडली असती तर त्यांनी मधे पडून दोघांच्या कानाखाली वाजवली असती. पण ही दोघं हळू आवाजात भांडली, दार लावून, आणि हळू आवाजातल्या भांडणात तिसऱ्याला शिरता येत नाही. एक दिवस लेक बॅग भरून कामाच्या जागेजवळ खोली घेऊन राहिला. ती घरात असेपर्यंत मी पाऊल टाकणार नाही, म्हणाला. माहेरी भावाच्या दोन खोल्या आणि त्याचीच चार माणसं, म्हणून सून राहिली. आणि मग लेकाने आणलेल्या कागदावर मोठ्याबाईंनी सही केली, की घर माझं आहे आणि हिने ते सोडावं.

त्याची प्रत सुनेच्या नावाने घरी आली तेव्हा दार मोठ्याबाईंनीच उघडलं होतं. कागद हातात पडल्याबरोबर, नेहमीसारखा, त्यांनी तो सुनेपुढे धरला. "बघ गं, काय आलंय." सून ओल्या हातांनी उभी राहून सगळं वाचत गेली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, वीजबिल वाचावं त्या आवाजात. संपल्यावर म्हणाली, "खाली तुमची सही आहे, आई. छान आलीये."

सही तिनेच शिकवली होती, लग्न होऊन आली त्या वर्षी. तोवर मोठ्याबाई अंगठा उठवत.

"अहो आजी!" दारातून त्यांचा वकील हाका मारत होता. चुणचुणीत पोरगा, टाय जरा वाकडा. "मी सगळीकडे शोधतोय. तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय. दिसत नाही?"

त्याने हात धरून त्यांना जिना उतरवला. सूनही उतरताना हात धरी, पण ती कोपराखाली धरी, भार आपल्यावर घेई. हा मनगटाला धरून ओढत होता. दोन इमारतींच्या मधल्या अंगणात आल्यावर मोठ्याबाई थांबल्या.

"मला एक सांग. भांडण आमचं एक. मग मी या घरात आणि ती त्या घरात, असं का?"

"कोर्टांची वाटणी असते आजी. नवरा-बायकोमधलं जे असेल ते मागे, कौटुंबिक कोर्टात. काडीमोड, पोटगी, मुलांचा ताबा. घरदार, जमीन, भिंत ते पुढे, दिवाणीत. तुम्ही तिचं डोकं फोडलं असतंत, तर ती बाजूची इमारत. फौजदारी."

"एकाच छपराखालचं असलं तरी?"

"तरी. ज्याचं त्याला."

"म्हणजे आम्ही अख्खी कोंबडी आणून दिली, आणि तुम्ही मांडी याला, तंगडी त्याला करून वाटून घेतली."

वकील मनापासून हसला. मोठ्याबाई हसल्या नाहीत.

"उलट आपलं नशीब समजा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "घर मुलाच्या नावावर असतं तर हाही दावा वरच गेला असता, आणि बसला असता रेंगाळत. तुमच्या नावावर आहे म्हणून इथे. आणि आजची तारीख मी मुद्दाम मागून घेतलीये, तिची वर तारीख आहे तो दिवस बघून. गेल्या वेळीही तसंच केलं. वकील तिने केलेला नाही. एकटी बाई एका वेळी दोन इमारतींत कशी असणार? साहेबांनी बजावलंय, या वेळी आली नाही तर तिच्यावाचून चालवू. तिचं म्हणणंच ऐकायचं नाही म्हटल्यावर निकाल आपलाच. महिन्या-दोन महिन्यांत मुलगा घरात."

मुलगा घरात. मोठ्याबाई पुढे चालू लागल्या, पण ते दोन शब्द पायाशी मांजर घुटमळावं तसे बरोबर येत राहिले. दाराशी त्याचे बूट, एक सरळ, एक उलथा. सकाळी मोरीत त्याचं खाकरणं. भूक नाही म्हणत उभ्या उभ्या पातेल्यातून खाणं. तो गेल्यापासून घरात आवाजच उरला नव्हता. दोघी बायका आणि मधे भांडी.

दिवाणी कोर्टाची खोली तळमजल्यावरच होती. खरंच एकही पायरी नव्हती. वर पंखा बंद, समोर उंच टेबलामागे जज्जसाहेब. त्यांना सणकून सर्दी झालेली. रुमाल एका हातात, दुसऱ्या हातात कागद. शिपाई नावं पुकारत होता, माणसं उठत होती, तारखा घेऊन जात होती. कुणाची भिंत, कुणाचं दुकान, कुणाचं झाड शेजाऱ्याच्या हद्दीत वाकलेलं. मोठ्याबाईंना वाटलं, झाडाचं मी दोन मिनिटांत सोडवलं असतं. आळीतली निम्मी भांडणं त्यांच्या ओट्यावर सुटत. तिथे नवरा-बायको, घर, डोकं फुटलेलं, सगळं एकाच बैठकीत, एकाच चहात.

ताटकळून ताटकळून दुपारच्या गोळीची वेळ झाली. त्यांनी आपली पिशवी उघडली. पिशवी सकाळी नेहमीसारखी दाराशी भरून ठेवलेली मिळाली होती. कुणी भरली हे विचारायची पद्धत सध्या घरात नव्हती. पाण्याची बाटली, तिचं झाकण आधीच एकदा सैल करून पुन्हा लावलेलं, म्हणजे दुखऱ्या बोटांना फिरवता यावं. कागदाची पुडी. गोळी मोठी होती, घशात अडकायची. पुडीत तिचे दोन अर्धे तुकडे होते.

मोठ्याबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. दुसरा बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

तेवढ्यात शिपायाने त्यांचं नाव पुकारलं. मग सुनेचं पुकारलं. आडनाव एकच, त्यामुळे मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"वादी हजर," वकील म्हणाला.

शिपायाने दारातून बाहेर तोंड काढून सुनेचं नाव पुन्हा पुकारलं. मग आणखी एकदा, व्हरांडाभर घुमेल असं. मोठ्याबाईंनी ते नाव घरात हजारदा घेतलं होतं, रागाने, घाईने, दुसऱ्या खोलीतून. ते असं कुणा परक्याने ओरडावं आणि त्याला ओ येऊ नये, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब," वकील उठला, "प्रतिवादी याही वेळी गैरहजर. दावा एकतर्फी चालवण्याचा..."

"हजर आहे," मोठ्याबाई म्हणाल्या.

जज्जसाहेबांनी रुमाल खाली केला. "कोण बोललं?"

मोठ्याबाई पुढच्या बाकाचा आधार घेऊन उठल्या. "मी. ती हजर आहे. मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथून उठली तर तिथे गैरहजर लागते, नाही उठली तर इथे."

"आजी, दावा तुम्ही लावलाय ना?"

"मीच. सहीसुद्धा माझीच आहे."

"आजी, बसा," वकिलाने त्यांच्या शालीचं टोक ओढलं.

"तू बस. तुझे गुडघे चांगले आहेत."

खोलीत हशा पिकला. जज्जसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या आल्या नाहीत तर फायदा तुमचाच आहे, हे कळतंय का तुम्हांला?"

"कळतंय. शाळेत गेले नाही साहेब, पण बाजारात गेलेय." मोठ्याबाईंनी शाल सारखी केली. "मी तोंडाची फटकळ आहे, आळीत कुणालाही विचारा. पण जे बोलले ते समोर बोलले. तिला घराबाहेर काढायचंच असलं तर तिच्या तोंडावर काढीन, चार शब्द सुनावून. ती वर अडकलेली असताना मागच्या मागे काढायला ती काय मांजर आहे?"

जज्जसाहेबांनी वकिलाकडे बघितलं. "ही तारीख कुणाच्या सोयीची म्हणून दिली होती?"

वकील आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागला. जज्जसाहेबांना उत्तराची गरज पडली नसावी. त्यांनी फाईल उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवली. "त्या आल्या की घेऊ."

सून आली तेव्हा खोली अर्धी रिकामी झाली होती. धावत आली होती. स्वेटरचं एक बटण सुटलेलं, केस कपाळाला चिकटलेले. दारातच थबकली. आपलं जे व्हायचं ते होऊन गेलं असणार, हे मनाशी धरूनच आली होती, असं तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

"साहेब, माझा... माझा पुकारा होऊन गेला का?"

"झाला. हजेरी लागली तुमची."

"कुणी लावली?"

जज्जसाहेबांनी फाईल उघडली. सुनेने बाकांवरून नजर फिरवली. मोठ्याबाई बंद पंख्याची पाती निरखत होत्या.

सुनेला आपलं म्हणणं मांडायला मुदत मिळाली. वकील नसला तर कोर्टाकडून मोफत मिळेल, कुठल्या खिडकीवर जायचं तेही साहेबांनी सांगितलं. मग कारकुनाने पुढची तारीख वाचली. सून काहीतरी म्हणायला गेली आणि गप्प बसली.

"त्या दिवशी नाही जमणार," मोठ्याबाई म्हणाल्या.

"आता काय झालं आजी?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"माझे गुडघे दाखवायचेत त्या दिवशी, डॉक्टरला."

"तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुमचे वकील येतील."

"माझं नाही हो, हिचं जमणार नाही म्हणते मी. डॉक्टरकडे मला हीच नेते. डॉक्टर काय बोलतो ते मला कळत नाही आणि मी काय बोलते ते डॉक्टरला कळत नाही. मधे ही लागते."

या वेळी शिपाईसुद्धा हसला. सून हसली नाही. तिने लांब बाही ओढून हात पुरता आत घेतला आणि मान खाली घालून उभी राहिली.

"आणि तारीख देताना वरच्यांना विचारून द्या साहेब," मोठ्याबाई बसता बसता म्हणाल्या. "कोर्टं वाटून घेतलीत ते ठीक. बाई एकच आहे."

बाहेर अंगणात लेक उभा होता. ऊन कललं होतं. वकील त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटून बाजूच्या इमारतीकडे निघून गेला.

"हे काय केलंस आई?" लेक म्हणाला. "आज संपलं असतं सगळं. मी घरी आलो असतो."

"मग ये ना. कुणी अडवलंय?"

"ती असताना?"

मोठ्याबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. कॉलर मळलेली होती. केस मानेवर वाढले होते. बाहेरचं खाऊन गाल उगाच सुजल्यासारखे झाले होते. हात उचलून ते केस मागे सारावेत असं फार वाटलं, पण त्यांनी हात शालीतच ठेवला.

"हे बघ. आज मला इथली पद्धत कळली. तुझं आणि तिचं जे काय आहे ते वरच्या मजल्यावर. तिथे मी बसले तर मला उठवलं. बरोबरच केलं, तुमचं तुम्ही बघा, मोडा नाहीतर जोडा. तिचं आणि माझं ते खाली, तिथे तू येऊ नकोस. आणि तू आणि मी, आपल्याला कुठलंच कोर्ट नाही. वाटेल तेव्हा ये. खोली आहे तशी आहे. पलंगावरची चादर धुतलेली आहे."

लेकाने फोन खिशात टाकला.

"कुणी धुतली ते विचारू नकोस," मोठ्याबाई म्हणाल्या.

त्याचा कान पुन्हा लाल झाला. तो क्षणभर उभा राहिला, मग 'निघतो' असं काहीतरी म्हणून फाटकाकडे चालू लागला. दोनदा थांबल्यासारखा वाटला. मग गर्दीत दिसेनासा झाला. मोठ्याबाई शालीच्या टोकाने नाक पुसत म्हणाल्या, "मेला तो जज्ज. सर्दी देऊन गेला."

सून खिडकीवर नाव देऊन आली आणि त्यांच्या बाजूने, न बघता, पुढे निघाली. उजव्या हातात पिशवी, डावा बाहीत. बसच्या थांब्याकडचा रस्ता उखडलेला होता, खडी वर आलेली. मोठ्याबाई तिच्या मागून चालू लागल्या. सकाळी दोघींत होतं तेवढंच अंतर होतं. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपण दम खायला थांबलो की हिरवी पाठही थांबते, कधी चपलेचा पट्टा बघायला, कधी पिशवीत काही चाचपायला. सकाळीही थांबत होती की काय, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला.

खड्ड्यापाशी त्या अडल्या. इकडे तिकडे भिंत नव्हती, ताट नव्हतं, पातेलं नव्हतं.

"अगं," त्या म्हणाल्या, "हळू चाल की जरा."

सून थांबली. वळली नाही. तशीच पाठमोरी उभी राहून तिने बाहीतला हात बाहेर काढला, पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि उजवं कोपर अंगापासून थोडं दूर धरलं.